बंडूजींचे कान

वर्ध्याजवळच्या पिपरी मेघेतल्या बंडूजींच्या घरात कपडे धुवायचं मशीन होतं, शिलाईचं होतं, पाणी गाळायचंही एक भिंतीवर टांगलेलं होतं. पण त्या घरात कोणी नुसतं 'मशीन' म्हटलं, की ते बैठकीतल्या शोकेसच्या मधल्या कप्प्यातलं. जपानी बनावटीचा स्टिरिओ ॲम्प्लिफायर. समोर चांदीच्या रंगाची पाटी, पाटीवर जाड गोल बटणं, आणि गाणं लागलं की पिवळ्या उजेडात थरथरणारे दोन काटे. बंडूजींनी ऐन जवानीत तो नागपूरहून आणला होता. एसटीत पुढची सीट रिकामी असूनही वर्ध्यापर्यंत मांडीवर धरून आणला होता.

त्या दिवशी त्यांच्यासोबत तळेगावचे नत्थूजी होते. शाळेपासूनचे दोस्त. दोघांनी एकाच दुकानातून एकाच मॉडेलचे दोन ॲम्प्लिफायर घेतले होते, आणि तेव्हापासून चाळीस वर्षं दोघांमध्ये एकच वाद चालू होता, की चांगलं वाजते कोणाचं. वाद मिटावा असं दोघांपैकी कोणालाही वाटत नव्हतं.

मशीनला घरात बंडूजींशिवाय कोणी हात लावायचा नाही. सुमित्राबाई शोकेस पुसायच्या ती मशीनच्या आजूबाजूची. मशीनवरची धूळ बंडूजी स्वतः टिपायचे, जुन्या धोतराच्या मऊ तुकड्यानं. हार्डवेअरचं दुकान मुलाच्या, अंकितच्या, हाती दिल्यापासून त्यांची सगळी सकाळ मोकळी होती. अंघोळ, पूजा, चहा, आणि मग मशीन.

अंकितची बायको गुंजन आर्वीची. तिच्या बाबांचं तिथं रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं, त्यामुळे सोल्डरिंगचा धूर तिला उदबत्तीइतका ओळखीचा. पुढे तिनं इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमाही केला. लग्न होऊन आली आणि वर्षभरात तिनं घरातला मिक्सर, इन्व्हर्टर आणि शेजारच्या शकुबाईंच्या कूलरचा पंप दुरुस्त करून टाकला. बंडूजींना सुनेचं फार कौतुक. आल्यागेल्याला सांगायचे. पण एक गोष्ट त्यांनी पहिल्याच महिन्यात तिला स्वच्छ सांगितली होती.

"बेटा, घरात जे बिघडन ते तू उघड. मले काही विचारू नको. फक्त मशीनले हात नको लावजो. ते बिघडत नाई."

आता पंचाईत अशी होती की ते बिघडलं होतं.

गुंजनला ते स्वयंपाकघरातून ऐकू यायचं. गाण्याच्या खाली एक घूं असा आवाज सारखा चालू असायचा, विजेच्या डीपीखाली उभं राहिल्यावर येतो तसा. आवाजाचं बटण फिरवलं की वाळल्या पानांवरून कोणी चालल्यासारखी खरखर. डावीकडचा स्पीकरचा बॉक्स मधूनच गप्प व्हायचा, मग बंडूजी उठून मशीनच्या पाठीवर हलकेच थोपटायचे, आणि तो पुन्हा बोलायला लागायचा. हे बरेच महिने हळूहळू वाढत गेलं. गाणंच बसत चाललंय हे घरात दुसऱ्या कोणाच्या लक्षातही आलं नाही. बंडूजींच्या मात्र आलं.

एके सकाळी त्यांनी गाणं अर्ध्यातच बंद केलं.

"कान गेले माहे," ते म्हणाले.

"काऊन, काय झालं?" सुमित्राबाई आतून म्हणाल्या.

"आवाज बसल्यासारखा येऊन राह्यला. तबला कुठं हाये तेच समजत नाई."

गुंजन चहा घेऊन बाहेर आली होती. तिनं जरा धीर करून विचारलं, "बाबा, एकदा मशीन आतून साफ करून पाहू काय?"

"मशीनले काय झालं? चाळीस वर्षांत काही झालं नाई त्याले. मशीन बिघडत नाई बेटा, माणूस बिघडते. माहं वय झालं."

त्यानंतर ते रोज मशीन लावायचे, पण चहा संपायच्या आत बंद करायचे आणि पेपर उघडून बसायचे. पेपरही वाचायचे नाहीत, नुसताच धरायचे. गुंजनला ते बघवेना. शेवटी तिनं मोबाइलवर त्या मॉडेलची माहिती शोधली, लागणारे पार्ट मागवले, आणि पाकीट आलं ते गव्हाच्या कोठीमागे ठेवून वाट बघत बसली.

संधी लवकरच आली. कारंज्याला बंडूजींच्या मावसभावानं नवं घर बांधलं होतं. वास्तूला बंडूजी दोन दिवसांसाठी गेले. त्यांची बस फाट्यावरून वळली असेल-नसेल, तोवर गुंजननं मशीन जेवणाच्या टेबलावर आणलं होतं.

सुमित्राबाई समोरच बसून तुरीच्या ओल्या शेंगा सोलत होत्या. त्यांनी मशीनकडे पाहिलं, सुनेकडे पाहिलं, आणि पुन्हा सुपाकडे पाहिलं.

"हे पाय बाई," त्या म्हणाल्या, "उद्या कोणी विचारलं तं मी काही पाह्यलं नाई. मी शेंगा सोलून राह्यली."

"हो आई."

"अन् ते घूं बंद होत असन तं बरं होईन. सकाळी डोकं दुखते त्याच्यानं."

झाकण निघालं. आत धूळ कापसासारखी बसली होती. कोपऱ्यात एका पालीचा सांगाडा होता, अगदी अखंड. काही पाहिलं नाही म्हणणाऱ्या सुमित्राबाई तो पाहायला उठून आल्या. गुंजननं ब्रशनं धूळ काढली आणि आतले दोन मोठे कपॅसिटर दाखवले. वीज साठवून धरणारे ते काळे डबे डोक्यावर फुगले होते, शिळ्या दुधाच्या पिशवीसारखे.

"हे खरं दुखणं," ती म्हणाली. "कान नाई गेले बाबांचे."

तिनं नुसती दुरुस्ती केली नाही. आर्वीला वडिलांच्या दुकानात ती एक गोष्ट शिकली होती, की उघडलंच आहे तर आधीपेक्षा चांगलं करून बंद करावं. फुगलेल्या डब्यांच्या जागी तिनं जास्त ताकदीचे नवे बसवले, म्हणजे ढोलकीचा ठोका पडला तरी वीज कमी पडायची नाही. गाणं ज्या लहान कपॅसिटरमधून जातं ते सगळे काढून तिथं चांगल्या जातीचे लाल घातले. बटणांमध्ये स्प्रे मारून ती फिरवून फिरवून मोकळी केली. बॉक्सला जोडलेली वायर दाराच्या घंटीला असते तसली बारीक होती, तिच्या जागी जाड तांब्याची टाकली. प्रत्येक पायरीला मोबाइलवर फोटो काढला, कारण परत जोडताना एक वायर चुकली असती तर तिला आर्वीची बस धरावी लागली असती. मधूनच सोल्डरिंगचा चटका बोटाला बसला, तो तिनं तसाच तोंडात घालून शांत केला.

दुपारी अंकित जेवायला आला. टेबलावर ताटाच्या जागी मशीनची आतडी मांडलेली त्यानं दारातूनच पाहिली.

"मी जेवून आलो," तो म्हणाला आणि बूट न काढताच दुकानात परत गेला.

चार वाजायच्या सुमारास गुंजननं मशीनच्या आधी एक बल्ब जोडला. आत कुठं शॉर्ट असला तर बल्ब झगझगीत पेटून राहतो आणि मशीन वाचतं, ही तिच्या बाबांची पद्धत. तिनं बटण दाबलं. बल्ब एकदम उजळला, सुमित्राबाईंच्या हातातली शेंग सुपात पडली, आणि मग बल्ब हळूहळू मंद होत विझल्यासारखा झाला. गुंजननं सुटकेचा श्वास सोडला. मीटर लावून जे काय पाहायचं ते पाहिलं, झाकण बसवलं, मशीन शोकेसमध्ये ठेवलं आणि वरच्या कप्प्यातल्या रेकॉर्ड प्लेअरवर बंडूजींच्या आवडीची एक जुनी रेकॉर्ड लावली.

घूं नव्हतं. आधी काहीच नव्हतं, इतकं की ती घाबरली. मग तबला आला, आणि तो बोटांसकट आला. मग गाणारी बाई आली, ती दोन्ही बॉक्सच्या बरोबर मधोमध उभी असल्यासारखी. सुमित्राबाई सूप मांडीवर घेऊन ऐकत होत्या.

"हे बाई मधात श्वास घेते काय?" त्या म्हणाल्या.

"घेतच असन ना आई."

"चाळीस वर्षांपासून ऐकून राह्यली मी हे गाणं. मले वाटलं, घेतच नाई."

बंडूजी येईपर्यंत गुंजननं काय बोलायचं ते घोकून ठेवलं. बाबा, रागावू नका, तुमच्यासाठीच केलं, आवाज ऐकून पाहा आणि मग जे बोलायचं ते बोला. आरशासमोर तिनं हे दोनदा म्हणूनही पाहिलं.

बंडूजी आले ते हातात एक काळी बाटली घेऊनच. कारंज्याला हायवेवर एका ढाब्याच्या बाहेर डोमाजी नावाचा माणूस टेबल मांडून बसायचा. कानात घालायचं तेल विकायचा. हॉर्न ऐकून ऐकून कान बसलेले ट्रक ड्रायव्हर त्याच्याकडून तेल नेतात, असं मावसभावानं सांगितलं होतं. बंडूजींनी झोपताना दोन्ही कानांत थेंब सोडले, कापसाचे बोळे लावले आणि एका कुशीवर अवघडून झोपले.

सकाळी अंघोळ, पूजा, चहा झाला. बंडूजींनी बोळे काढले आणि मशीन लावलं. गुंजन स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली. तोंडात पहिलं वाक्य तयार होतं.

गाणं सुरू झालं. बंडूजींनी डोळे मिटले. मग उघडले. उठून त्यांनी सुई पुन्हा सुरुवातीला नेऊन ठेवली आणि परत ऐकलं. त्यांची मान हळूहळू एका बाजूला झुकली.

"अवो, इकडे या," त्यांनी सुमित्राबाईंना हाक मारली. "मले ऐकू येऊन राह्यलं."

"हो काय?" सुमित्राबाई सुनेकडे न बघता म्हणाल्या.

"तबल्याचं बोट अन् बोट ऐकू येऊन राह्यलं. डोमाजीचं तेल म्हणजे तेल हाये. एका रात्रीत लागू पडलं."

गुंजनच्या तोंडातलं वाक्य तिथंच राहिलं. खरं सांगायचं तर तिला आधी सुटल्यासारखंच वाटलं. बाबा खूश, मशीन खूश, कोणाला बोलणी नाहीत. गप्प राहायला काय जातं?

जात होतं ते हळूहळू कळलं. बंडूजींचा आनंद घरात मावणारा नव्हता. समोरचे प्रभाकरराव, जिल्हा परिषदेतून रिटायर झालेले, त्यांना बोलावलं. त्यांच्या कानांत तेल सोडलं, दुसऱ्या दिवशी मशीनसमोर बसवलं.

"आधीपेक्षा लय फरक हाये," प्रभाकरराव म्हणाले. याआधी मशीन ऐकायला बोलावलं की त्यांना नेमकं काहीतरी काम निघायचं, म्हणजे आधीचं त्यांनी कधी ऐकलंच नव्हतं. पण ते मोठ्या खात्रीनं म्हणाले, "डोमाजीच्या हाताले यश हाये."

गुंजननं आपल्या बोटावरचा चटका पाहिला. तो अजून दुखत होता.

प्रभाकररावांनंतर गल्ली आली. कारंज्याहून तेलाचा खोका आला. रविवारी सकाळी बंडूजींच्या बैठकीत कानात बोळे घातलेली माणसं येऊन बसायची, बंडूजी एकेकाचे बोळे स्वतःच्या हातानं काढायचे आणि सुई ठेवायचे. माणसं ऐकायची, एकमेकांकडे बघून माना डोलवायची. कोणी म्हणालं, झांज इतकी साफ कधी ऐकली नव्हती. कोणी म्हणालं, आता टीव्हीचा आवाज कमी करावा लागतो. ज्यांचे कान चांगले होते त्यांनीही तेल घातलं. शकुबाईंचे कान तर इतके तिखट होते की त्यांना पलीकडच्या गल्लीतलं भांडण ऐकू यायचं. त्यांनी दिवसभर बोळे ठेवले, आणि गॅसवाला हाका मारून मारून दोनदा सिलेंडर परत घेऊन गेला.

"तुम्ही सांगा ना बाबांले," गुंजन अंकितला म्हणाली.

"मी? मी तं जेवून गेलतो त्या दिवशी. मले काही माहीतच नाई."

"मंग मी सांगते."

"सांग. पण मी दुकानात असताना सांगजो."

ती रोज सांगायला निघायची. बंडूजी नेमके कोणाला तरी फोनवर आपल्या कानांबद्दल सांगत असायचे. त्यांच्या आवाजात एक नवीनच जोर आला होता. ते आता पेपर खरोखर वाचायचे, सकाळी बजाज चौकापर्यंत पायी जाऊन यायचे. ज्या माणसाला आपण म्हातारे झालो असं वाटलं होतं, त्याला आपण झालो नाही असं वाटायला लागलं होतं. आता त्याला कसं सांगायचं?

मग बंडूजींनी तळेगावला नत्थूजींना तेल पाठवलं.

आठवडा झाला तरी काही कळलं नाही, तेव्हा बंडूजींनीच फोन लावला, आणि कौतुक सगळ्यांनी ऐकावं म्हणून स्पीकरवर टाकला.

"काय गा नत्थू, तेल घातलं काय?"

"घातलं."

"मंग?"

"मंग काय? कान चिकट झाला. उशीची खोळ खराब झाली. बायको बोलली."

"अन् मशीन?"

"मशीन वाजते तसंच वाजून राह्यलं. घूं."

"म्हणजे तुह्या कानातच दोष हाये."

मग नत्थूजी म्हणाले, "बंडू, मले अजून पायलीत पडलेला दाणा ऐकू येते. मी मशीन घेऊन येतो. दोन्ही शेजारी ठेवू. मंग सांग दोष कोणाच्या कानात हाये ते."

रविवारी ते आले. मशीन चादरीत गुंडाळून, वर दोरी बांधून, ऑटोत मांडीवर धरून. सुमित्राबाईंनी त्यांच्यासाठी वांग्याची भाजी आणि पाटोडीचा रस्सा केला होता. पण आधी निकाल, मग जेवण, असं ठरलं. बैठकीत प्रभाकरराव आणि गल्लीतले आणखी दोघंतिघं होते. प्रभाकररावांच्या एका कानात बोळा होता, कारण तो कान आता तेलानं बंदच झाला होता, पण हे त्यांनी कोणाला सांगितलं नव्हतं.

दोन्ही मशीन शेजारी ठेवली. चेहऱ्यानं सख्खे जुळे भाऊ. आधी नत्थूजींचं जोडलं. गाणं लागलं, आणि त्याच्याखाली ते ओळखीचं घूं. बटणाची खरखर. तबला कुठंतरी शेजारच्या घरात वाजत असल्यासारखा. मग बंडूजींनी वायरी काढून आपल्या मशीनला जोडल्या, तीच रेकॉर्ड, तेच बॉक्स.

नत्थूजी खुर्चीच्या अगदी कडेला सरकले. गाणं संपेपर्यंत त्यांनी एकदाही बंडूजींकडे पाहिलं नाही.

"पाह्यलं?" बंडूजी म्हणाले. "कान."

"कान नाई, बंडू," नत्थूजी म्हणाले. "कान माहे दोन्ही वेळा तेच होते. तुहं मशीनच वेगळं हाये."

हे इतकं सरळ होतं की बैठकीतल्या सगळ्यांनी एकदम मशीनकडे पाहिलं. बंडूजींनीही पाहिलं.

"एकाच दुकानातले हायेत," ते म्हणाले.

"दुकान एक होतं. पण डबे दोन होते. दुकानदारानं समोर ठेवल्याबरोबर तू पह्यले हात घातला होता, आठवते काय? मी म्हटलं, घे, दोस्त हाये. तुले माहीत होतं कोणता असली हाये ते."

"मले कसं माहीत असन गा?"

"चाळीस वर्षं मी म्हणून राह्यलो की माहंच चांगलं वाजते. अन् तू मनातल्या मनात हसून राह्यला असशीन." नत्थूजींचा आवाज बारीक झाला. ते उठले आणि आपल्या मशीनवर चादर टाकायला लागले. "सुमित्राबाई, जेवण राहू द्या. मले बस हाये."

"नत्थू, बस ना गा."

"नाई, बंडू. आता काय बसायचं."

ते दोरीची गाठ मारत होते. बंडूजी मधोमध उभे होते. गुंजन ताटं घेऊन दारात आली होती. महिनाभर ती आधी बंडूजी रागावतील या भीतीनं गप्प राहिली होती, मग सासऱ्याच्या आनंदासाठी गप्प राहिली होती. पण आता चाळीस वर्षांची दोस्ती चादरीत बांधली जात होती. तिनं ताटं खाली ठेवली.

"काका, मशीन सारखेच होते," ती म्हणाली. "बाबांचं मी उघडलं."

नत्थूजींनी गाठ सोडून वर पाहिलं.

"आतले पार्ट बदलले मी. चांगल्यातले टाकले. म्हणून आवाज सुधरला."

"कधी?" बंडूजींनी विचारलं.

"तुम्ही कारंज्याले गेलते तेव्हा."

बंडूजी हिशोब लावत होते, ते त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. कारंजा. तेल. दुसऱ्या दिवशीची सकाळ. ते सुमित्राबाईंकडे वळले.

"मी शेंगा सोलून राह्यली होती," सुमित्राबाई म्हणाल्या.

"म्हणजे तेल..."

"तेलाचं मले माहीत नाई, बाबा," गुंजन म्हणाली.

प्रभाकररावांनी हळूच कानातला बोळा काढून खिशात टाकला. बंडूजी चपला घालून बाहेर ओट्यावर जाऊन बसले. अंकित मोटरसायकलवरून येत होता. वडिलांना ओट्यावर तसं बसलेलं पाहून त्यानं गाडी तशीच वळवली.

गुंजन थोड्या वेळानं बाहेर गेली. बोलणी खायची तयारी करूनच गेली होती.

"बाबा, तुम्ही नको म्हटलं असताना मी उघडलं. चूक झाली माही."

"मशीनचं मी काही म्हणून नाई राह्यलो," बंडूजी म्हणाले. ते रस्त्याकडे बघत होते. "मशीन तं तू चांगलंच केलं. पण महिनाभर मले वाटलं, कान परत आले. आता समजलं की कान तसेच हायेत. गेलेले."

गुंजन त्यांच्या शेजारी पायरीवर बसली. हे तिच्या डोक्यातच आलं नव्हतं. ती रागाला भीत होती, आणि इथं राग नव्हताच.

"कान गेले कोणी म्हटलं बाबा?" ती म्हणाली. "तुम्ही म्हटलं ना, आवाज बसला, तबला समजत नाई. आतले कपॅसिटर फुगलेलेच होते. आवाज खरंच बसला होता. घरात चार माणसं, पण ते समजलं फक्त तुम्हाले. तुमच्या पोराले नाई समजलं, आईले नाई. मलेही घूं तेवढं ऐकू येत होतं, तबल्याचं मी तुम्ही बोलल्यावर ऐकलं."

बंडूजी तिच्याकडे बघायला लागले.

"कान खराब असते तं तुम्हाले फरकच समजला नसता. ना बिघडल्याचा, ना सुधरल्याचा."

समोरून एक भाजीवाला मेथी मेथी करत गेला. मग बंडूजींनी धोतर झटकलं, उठले, आणि आत जाऊन बैठकीच्या मधोमध उभे राहिले.

"प्रभाकरराव," ते म्हणाले, "माहे कान कधीच बिघडले नव्हते. मशीन बिघडलं होतं. ते मीच पह्यले सांगितलं होतं. सूनबाईले विचारा."

"मंग माह्या कानाचं काय?" प्रभाकररावांनी विचारलं.

"तुम्ही डॉक्टरले दाखवा."

नत्थूजी एव्हाना परत खुर्चीत बसले होते. चाळीस वर्षांचा राग दहा मिनिटांत उतरला होता आणि त्यांना भूक लागली होती.

"सूनबाई," ते म्हणाले, "माह्याही मशीनले हात लावता काय?"

पाटोडीचा रस्सा सगळ्यांनी दोनदा घेतला. अंकित शेवटी आला आणि या वेळी जेवला.

नत्थूजींचं मशीन पार्ट येईपर्यंत पिपरीतच राहिलं. ते उघडायच्या दिवशी बंडूजी चष्मा लावून टेबलाशी हजर. गुंजननं एक स्क्रू काढला की ते पुढचा दाखवायचे, आणि तो नेमका नको असलेला असायचा. ती सोल्डरिंगचा डाग द्यायला लागली की ते म्हणायचे, "जपून, जपानी हाये." दुपारी शकुबाई डोकावल्या तर त्यांना म्हणाले, "आमच्या घरी आता हे काम होते. मी पाहून देतो, ते करून देते." सुमित्राबाई पलीकडे मेथी निवडत होत्या. या वेळी त्यांनी सगळं उघड उघड पाहिलं, आणि आत पाल निघाली नाही म्हणून जरा हिरमुसल्या.

मोठे कपॅसिटर बसवून झाल्यावर बंडूजींनी दाराकडे पाहिलं, खुर्ची जवळ ओढली आणि आवाज खाली आणला.

"बेटा, एक विचारू काय?"

"विचारा ना बाबा."

"त्याच्यात थोडं कमी ठेवता येते काय?"

गुंजनच्या हातातली सोल्डरिंग गन थांबली. "नाई बाबा. पार्ट सारखेच हायेत. दोस्ताचं मशीन हाये, त्याच्यात कमी कसं ठेवायचं?"

"नाई नाई, बरोबर हाये तुहं." बंडूजींनी खुर्ची आणखी जवळ ओढली. "मंग माह्यात एखादा जास्त टाक."

नत्थूजी येऊन मशीन घेऊन गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी चहाच्या वेळेला त्यांचा फोन आला. बंडूजींनी तो स्पीकरवर टाकला आणि मोबाइल टीपॉयवर उभा करून ठेवला.

"ऐक, बंडू. बोलू नको. नुसता ऐक."

तळेगावला गाणं सुरू झालं. नवे कपॅसिटर, जाड तांब्याची वायर, मोकळी बटणं, सगळ्यांतून ते गाणं नत्थूजींच्या बॉक्समधून बाहेर पडलं आणि त्यांच्या मोबाइलमधून पिपरीत येऊन बंडूजींच्या मोबाइलच्या बोटभर स्पीकरमधून पत्र्याच्या डब्यात माशी शिरल्यासारखं वाजायला लागलं. बंडूजींनी डोळे मिटले. मान एका बाजूला झुकवली. गुंजन चहाचे कप घेऊन उभी होती, तिला त्यांनी हातानंच थांब म्हणून खुणावलं.

गाणं संपलं.

"कसं हाये?" पलीकडून नत्थूजींनी विचारलं.

"चांगलं हाये गा," बंडूजी म्हणाले. "झांज मस्त येऊन राह्यली. पण खालचा आवाज माह्याकडे जरा जास्त भरीव हाये. थांब, मी लावतो. तू बोलू नको, नुसता ऐक."